मुलांच्या हातातला मोबाइल आणि घरातली बचत

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. मूल इंटरनेट वापरत असताना घरचा पैसा कोणत्या वाटांनी बाहेर जाऊ शकतो, त्या वाटा घरबसल्या कशा बंद करायच्या, आणि एवढे करूनही पैसे गेले किंवा मूल अडचणीत सापडले तर पहिल्या तासात काय करायचे.

पूर्वी घरातला पैसा कपाटात असायचा आणि किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला. मुलांच्या हाती यायचे ते जत्रेसाठी दिलेले चार पैसे. आज पाचवीतली मुलगी आईच्या मोबाइलवर शाळेच्या गटातला गृहपाठ उतरवून घेते, कवितेचा व्हिडिओ पाहते आणि मग थोडा वेळ खेळते. त्याच मोबाइलमध्ये आईचे बचत खाते, यूपीआय, डेबिट कार्डाचा क्रमांक, बँकेकडून येणारा ओटीपी आणि आधार कार्डाचा फोटो असतो. म्हणजे कपाट, किल्ली आणि खेळणे एकाच वस्तूत आले आहे. मुलांच्या हातून मोबाइल काढून घेणे आता बहुतेक घरांत शक्य नाही, आणि अभ्यासासाठी ते योग्यही नाही. तेव्हा किल्ली वेगळी कशी ठेवायची ते शिकणे हाच उपाय.

एक उदाहरण

समजा, बडोद्यात राहणारे एक मराठी कुटुंब आहे. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिवणकाम करते. मुलाच्या पुढच्या वर्षीच्या फीसाठी त्यांनी दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे. त्याचा हप्ता बचत खात्यातून आपोआप जातो. मुलगा सातवीत आहे. तो वडिलांच्या मोबाइलवर एक खेळ खेळतो. खेळात नवीन पोशाख, हत्यारे, हिरे विकत मिळतात. वडिलांनी एकदा रिचार्ज करताना त्याच्यासमोरच पिन टाकला होता, आणि पिन म्हणजे मुलाच्याच जन्मतारखेचे आकडे.

पहिली खरेदी २९ रुपयांची होते. कोणाच्या लक्षात येत नाही. मग ७९, मग १५९. बँकेचा एसएमएस आला की मुलगा तो पुसून टाकतो. सहा आठवड्यांत ४६ व्यवहार होतात आणि ८,७४० रुपये जातात. घरी कळते कधी? खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे आवर्ती ठेवीचा हप्ता चुकतो तेव्हा. वडील शाखेत येऊन विचारतात, "साहेब, पैसे कोणी काढले?" आणि पासबुकाची छापील पाने पाहिल्यावर गप्प होतात.

या उदाहरणात कोणी चोर नाही, बाहेरचा ठगही नाही. तरीही फीचे पैसे गेले. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या हातून काहीतरी चुकते आहे, हे मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळले होते. मार पडेल या भीतीने तो बोलला नाही. पहिल्या आठवड्यात बोलला असता, तर नुकसान काही शे रुपयांचे राहिले असते.

पैसा जाण्याच्या पाच वाटा

पहिली वाट: खेळातली खरेदी. खेळ फुकट उतरवता येतो, पण आतल्या वस्तू विकत घ्याव्या लागतात. कार्ड किंवा यूपीआय ॲप-स्टोअरला एकदा जोडले की पुढची खरेदी दोन बोटांत होते. हिरे, नाणी, रत्ने अशा नावांमुळे आपण खरे पैसे खर्च करतो आहोत हे मुलाला जाणवतच नाही. यातला दुसरा प्रकार म्हणजे दरमहा आपोआप कापले जाणारे वर्गणीचे पैसे. "सात दिवस मोफत" या बटणावर मूल बोट ठेवते आणि आठव्या दिवसापासून वर्गणी सुरू होते.

दुसरी वाट: पिन न लागणारे व्यवहार. यूपीआय लाइटमध्ये १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो आणि त्यात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. सोय चांगली आहे, पण ज्या मोबाइलवर मूल तासन्‌तास असते तिथे ती उघड्या पाकिटासारखी आहे. काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाच्या ठशानेही पैसे देता येतात. अनेक घरांत "सारखं सारखं उघडून द्यायला नको" म्हणून मुलाच्या बोटाचा ठसाही मोबाइलमध्ये नोंदवलेला असतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होईल, याचा विचार करा.

तिसरी वाट: भुलवणारा दुवा, फाईल आणि ओटीपी. "मोफत हिरे मिळवा", "तुमचे खाते बंद होत आहे", "लग्नाची पत्रिका पाहा" अशा संदेशांबरोबर येणारी एपीके फाईल उघडली की मोबाइलवर आलेले एसएमएस ठगाला वाचता येऊ शकतात. मुलांचे बोट आपल्यापेक्षा चपळ असते आणि संशय कमी. कधी फोन येतो, "बाळा, बाबांच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल, तो सांग." मूल मोठ्या माणसाच्या आवाजाला मान देते आणि सहा आकडे वाचून दाखवते.

चौथी वाट: अनोळखी मित्र आणि धमकी. खेळातल्या गप्पांत किंवा समाजमाध्यमावर ओळख होते. समोरची व्यक्ती आपल्याच वयाची आहे, असे मुलाला वाटते. काही दिवसांनी फोटो मागितला जातो. मग त्याच फोटोवरून, किंवा चेहरा वापरून तयार केलेल्या खोट्या फोटोवरून धमकी येते, की पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना दाखवतो. मूल घाबरून आईच्या मोबाइलवरून पैसे पाठवते. पैसे दिल्यावर मागणी थांबत नाही, वाढत जाते. इथे प्रश्न पैशांपुरता नाही. मूल आतल्या आत किती कोंडले असेल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

पाचवी वाट: खाते भाड्याने देणे. ही वाट मोठ्या मुलांची, म्हणजे अकरावी-बारावी आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची. "तुझ्या खात्यात काही पैसे येतील, ते पुढे पाठव, शेकडा दोन रुपये तुझे" असे सांगितले जाते. कधी खात्याचे कार्ड, सिम आणि पासबुकच विकत मागितले जाते. अशा खात्याला बँकेच्या भाषेत म्यूल खाते म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने चोरलेला पैसा वाहून नेणारे खाते. तक्रार झाली की ते खाते गोठवले जाते आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते. "मला माहीत नव्हते" एवढे उत्तर तिथे पुरत नाही. बँका आता अशी खाती शोधण्यासाठी खास प्रणाली वापरतात. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने त्यासाठी म्यूलहंटर नावाची प्रणाली तयार केली आहे.

याशिवाय पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. त्यांच्याबाबत २०२५ साली संसदेने कायदा केला. अशा खेळांना, त्यांच्या जाहिरातींना आणि बँकांनी त्यांचे व्यवहार पुढे सरकवण्याला त्या कायद्याने मनाई केली आहे. तरीही परदेशातून चालणारे दुवे मुलांपर्यंत पोहोचतात. "दहा लाव, शंभर मिळव" असे सांगणारे कोणतेही ॲप मोबाइलमध्ये दिसले तर ते त्याच दिवशी काढून टाका आणि त्याला कोणते खाते जोडले होते ते तपासा.

आज संध्याकाळी करायची कामे

पुढची कामे करायला पाऊण तास पुरतो. शक्य असेल तर मुलाला शेजारी बसवूनच करा. त्याला कारण कळले की तो पळवाट शोधत नाही.

१. खाती वेगळी करा. ज्या खात्यात पगार, ठेवीचे व्याज किंवा पेन्शन येते ते खाते यूपीआयला जोडू नका. रोजच्या खर्चासाठी दुसरे साधे बचत खाते ठेवा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम वळती करा. मग चूक झाली तरी ती आठवड्याच्या खर्चापुरती राहील, वर्षाच्या बचतीवर येणार नाही. दुसऱ्या खात्यात किमान किती शिल्लक ठेवावी लागते, ते मात्र शाखेत विचारून घ्या.

२. पिन बदला. मुलाची जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा क्रमांक, १२३४ हे पिन नकोत. वाढदिवसाच्या केकचा फोटो तारखेसह समाजमाध्यमावर टाकला की तो पिन सगळ्या जगाला कळतो. मोबाइल उघडण्याचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगवेगळे ठेवा.

३. मुलाच्या बोटाचा ठसा काढून टाका. मोबाइलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये कोणाकोणाचे ठसे आणि चेहरे नोंदलेले आहेत ते पाहा. ज्या मोबाइलवर बँक आहे, तिथे फक्त तुमचाच ठसा हवा.

४. ॲप-स्टोअरची पडताळणी चालू करा. गूगल प्लेमध्ये खरेदीची पडताळणी "प्रत्येक खरेदीसाठी" अशी निवडा आणि जोडलेले कार्ड गरज नसेल तर काढून टाका. मुलाकडे वेगळा मोबाइल असेल तर गूगलचे फॅमिली लिंक किंवा ॲपलचे "आस्क टू बाय" लावा. मग मुलाने खरेदी करायची म्हटली की परवानगीची विचारणा तुमच्याकडे येते.

५. मोबाइल एकाच ॲपवर अडकवून द्या. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिनिंग आणि आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस अशी सोय असते. मूल व्हिडिओ पाहत असेल तर त्याला तेवढेच दिसते, बाकीच्या ॲपकडे जाता येत नाही.

६. कार्डाची मर्यादा ठरवा. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि स्पर्शाने होणारे व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनेनुसार प्रत्येक बँकेने दिलेली आहे. जे वापरत नाही ते बंद ठेवा. लागेल तेव्हा चालू करायला मिनिटभर लागतो.

७. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा तपासा. यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" किंवा "मँडेट" या नावाखाली यादी असते. कार्डावरची वर्गणी पहिल्यांदा नोंदवताना ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची वर्गणी दर वेळी न विचारता कापली जाऊ शकते. मात्र कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती सूचना वाचा. नको असलेली वर्गणी तिथूनच बंद करता येते.

८. जुना मोबाइल देताना काळजी घ्या. नवा मोबाइल घेतल्यावर जुना मुलाला दिला जातो. त्यातली बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, आधार-पॅनचे फोटो काढा, ईमेल खाते काढा आणि मगच मोबाइल कोरा करून द्या. ज्या सिमवर बँकेचा ओटीपी येतो ते सिम मुलाच्या मोबाइलमध्ये नको. हा मुद्दा साधा वाटतो, पण कुठल्याही शाखेत या बाबतीतला घोळ पाहायला मिळेल.

९. एसएमएसवर विसंबून राहू नका. बँकेची सूचना एसएमएससोबत ईमेलवरही येईल अशी नोंद करून घ्या आणि दर रविवारी पाच मिनिटे खात्याचा उतारा पाहा. ४६ व्यवहारांपैकी चौथाच दिसला असता तर वरच्या उदाहरणातली फी वाचली असती.

मुलाला स्वतःचे खाते द्यावे का?

हो, योग्य वयात जरूर द्यावे. पैशाचा व्यवहार लपूनछपून शिकण्यापेक्षा उघडपणे शिकलेला बरा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार कोणत्याही वयाच्या मुलाचे बचत किंवा मुदत ठेव खाते पालकामार्फत उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने खाते उघडून चालवता येते. एटीएम कार्ड, इंटरनेट बँकिंग किंवा चेकबुक द्यायचे की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. मुलाच्या खात्यात उचल दिली जात नाही. शिल्लक असेल तेवढेच पैसे काढता येतात. त्यामुळे कर्ज होण्याची भीती नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की नव्याने सही आणि कागदपत्रे द्यावी लागतात.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बसभाडे, वह्या-पुस्तके अशा खर्चासाठी यूपीआय हवे असेल तर यूपीआय सर्कल ही सोय पाहा. यात तुमच्या खात्यातून खर्च करण्याची मुभा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला देता येते. ती दोन प्रकारची आहे. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत, ती व्यक्ती न विचारता खर्च करू शकते. मुलांसाठी पहिला प्रकार बरा. तुमच्या ॲपमध्ये ही सोय आहे का आणि तिच्या अटी काय आहेत ते आधी वाचा.

मर्यादेइतकाच हिशेबही शिकवा. रोज ५० रुपये खेळात गेले तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये होतात. हा आकडा मुलालाच वहीत मांडायला सांगा. मग विचारा, १८,००० रुपयांत तू काय घेतले असतेस? उत्तर त्याचे त्याला सापडू द्या.

वयाप्रमाणे काय सांगावे

दहा वर्षांपर्यंत: मोबाइल मोठ्यांच्या नजरेसमोर, बैठकीच्या खोलीत. मुलाला दोनच नियम पुरेत. एक, पैशाचे चित्र किंवा आकडा दिसला की आईला किंवा बाबांना दाखवायचे. दोन, फोनवर कोणी काही विचारले की फोन मोठ्यांकडे द्यायचा.

दहा ते चौदा: ओटीपी, पिन, आधार क्रमांक, घरचा पत्ता, शाळेचे नाव या गोष्टी घराबाहेर सांगायच्या नाहीत, हे कारणासह समजवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या, घरातल्या आजी-आजोबांकडूनही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर खाते उघडण्यासाठी किमान वय तेरा आहे. त्याआधी खोटे वय टाकून उघडलेले खाते म्हणजे मूल मोठ्यांच्या जगात मोठे म्हणून वावरते.

पंधरा ते अठरा: या वयात हेरगिरी करू नका, व्यवहार करा. खाते भाड्याने देण्यातला धोका, फोटोवरून येणारी धमकी, घरबसल्या कमाईच्या खोट्या जाहिराती यांबद्दल स्पष्ट शब्दांत बोला. बँकेचे खरे संकेतस्थळ ओळखायला शिकवा. भारतातल्या बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता "डॉट बँक डॉट इन" असे संपतात, कारण ती नावे रिझर्व्ह बँकेने फक्त बँकांसाठी राखून ठेवली आहेत. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "मी बँकेतून बोलतो" म्हणणाऱ्याशी व्यवहाराचे बोलणे नको.

पैसे गेलेच तर: पहिला तास

सगळ्यात आधी मुलाला ओरडू नका. हे केवळ मायेपोटी सांगत नाही. काय दाबले, कोणाला काय सांगितले, कोणती फाईल उघडली हे फक्त त्यालाच माहीत असते. ते भरभर आणि खरे कळले तरच पुढचे उपाय लागू पडतात.

मग या क्रमाने चला.

एक: मोबाइलचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या अधिकृत क्रमांकावर बोलून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. हा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक लावू नका, तिथेही ठग बसलेले असतात.

दोन: १९३० या क्रमांकावर फोन करा. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, हैदराबादला की दिल्लीला, क्रमांक तोच. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे पाठवली जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतात. म्हणून इथे मिनिटांनाही किंमत आहे. हीच तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते.

तीन: पुरावा जपा. संदेश, व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचे खाते किंवा नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या. काहीही पुसू नका.

चार: शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक असलेला कागद किंवा संदेश. पुढे सगळे या तारखेवर ठरते.

खेळातली खरेदी मुलानेच केली असेल तर बँकेबरोबर ॲप-स्टोअरकडेही परताव्याची मागणी करा. गूगल प्लेवर ही मागणी पहिल्या ४८ तासांत केलेली चांगली. परतावा मिळेलच असे नाही, पण उशिरा मागितला तर शक्यता कमी होत जाते.

धमकीचा प्रकार असेल तर पैसे देऊ नका, संदेश जपून ठेवा आणि त्यानंतर त्या व्यक्तीला अडवा. मुलांसंबंधीच्या अशा गुन्ह्याची तक्रार वरच्या संकेतस्थळावर नाव न देताही करता येते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ दिवसरात्र चालू असते. मूल स्वतःही तिथे बोलू शकते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार मुलाची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा "बदनामी होईल" म्हणून गप्प बसू नका. मुलाला त्या रात्री एकटे झोपू देऊ नका आणि "चूक त्याची आहे, तुझी नाही" हे शब्द उच्चारून सांगा.

बँकेची जबाबदारी किती?

याबाबत खातेदारांचा बराच गैरसमज असतो, म्हणून नियम नीट पाहू. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक यासाठी आधार मानले जाते.

चूक बँकेची असेल तर तुमचे नुकसान शून्य. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी झाली, आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही तुमचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मूलभूत बचत खात्यासाठी जास्तीत जास्त ५,००० आणि इतर बचत खात्यांसाठी १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येतो. त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते.

मात्र पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितला गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान खातेदाराचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. मुलाला पिन माहीत असणे हे याच सदरात येते. वरच्या उदाहरणातले वडील बँकेकडे भरपाई मागू लागले, तर शाखेतला अधिकारी सहानुभूतीने ऐकेल, पण नियम त्यांच्या बाजूचा नसेल. म्हणूनच पिन घरातही गुप्त ठेवा, असे बँका पुन्हा पुन्हा सांगतात. त्यात मुलावरचा अविश्वास नाही.

बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्यासाठी वकील लागत नाही; शाखेने दिलेली पोच मात्र लागते.

घरात करायचा एक करार

मुलांशी बोलताना एक वाक्य आधीच देऊन ठेवा, "मोबाइलवर काहीही चुकले आणि तू त्याच दिवशी सांगितलेस, तर तुला शिक्षा होणार नाही." आणि हे वाक्य पाळा. पहिल्यांदा मूल २९ रुपयांची चूक सांगेल. त्यावर तुम्ही काय करता, यावर पुढच्या वेळी ते मोठी चूक सांगेल की लपवेल, हे ठरते. शिक्षा नाही म्हणजे परिणाम नाही असे नाही. गेलेले पैसे खाऊच्या पैशातून थोडे थोडे भरून काढणे हा योग्य परिणाम आहे, त्यातून हिशेब कळतो.

मोठ्यांनीही या करारात आपली बाजू पाळायची आहे. मुलाचे शाळेच्या गणवेशातले फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकायचे नाहीत. घाईत असताना "जा, माझा पिन टाकून रिचार्ज कर" असे म्हणायचे नाही. आणि दिवसातून थोडा वेळ मुलाबरोबर तोच खेळ खेळून पाहायचा. तो कोणाशी बोलतो आणि खेळ पैसे कुठे मागतो, हे दहा मिनिटांत कळते.

लक्षात ठेवा

बचतीचे खाते आणि मोबाइलला जोडलेले खाते वेगळे.
पिन घरातही कोणाला सांगायचा नाही.
पैसे मिळवायला पिन लागत नाही.
पैसे गेले तर आधी बँक, लगेच १९३०. मुलाच्या अडचणीसाठी १०९८.
तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी तक्रार आणि तिची पोच.
सांगणाऱ्या मुलाला शिक्षा नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या मोबाइलमध्ये किती बोटांचे ठसे नोंदलेले आहेत? ती बोटे कोणाची?
२. तुमच्या यूपीआयला कोणते खाते जोडले आहे? त्यात आज किती शिल्लक आहे? एवढी ठेवण्याची गरज आहे का?
३. गेल्या तीन महिन्यांच्या उताऱ्यात २०० रुपयांखालचे व्यवहार शोधा. त्यांतले किती तुम्हाला ओळखता येतात?
४. बँकेचा अधिकृत क्रमांक, १९३० आणि १०९८ हे तीन क्रमांक एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर लावा. मोबाइलमध्ये जतन करून भागणार नाही, कारण अडचणीच्या वेळी तोच मोबाइल बंद ठेवावा लागणार आहे.
५. मुलाला विचारा, "अनोळखी माणसाने तुझ्याकडे आईच्या फोनवर आलेला नंबर मागितला तर तू काय करशील?" उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. जे राहून गेले असेल ते शेवटी सांगा.